सहा हजार गुणांची कैद

१८३४ साली विल्यम अलाथॉर्न नावाचा एक तरुण कॅथलिक पाद्री सिडनीहून जहाजाने नॉरफोक बेटावर उतरला, तेव्हा त्याच्यापाशी नावांची एक यादी होती. त्या वर्षाच्या सुरुवातीला बेटावरच्या कैद्यांनी बंड केलं होतं आणि ते चिरडलं गेलं होतं. ज्यांना फाशी सुनावली गेली त्यांच्यापैकी खरोखर कुणाला लटकवायचं आणि कुणाला जीवदान द्यायचं, याचा निकाल त्या यादीत होता आणि कैद्यांपर्यंत तो पोचलेला नव्हता. अलाथॉर्न एकेका कोठडीत शिरून नावं वाचू लागला. जीवदान मिळालेले ढसाढसा रडले. मरण ठरलेले तेरा जण मात्र, डोळ्यांत पाण्याचा टिपूसही न आणता, गुडघे टेकून देवाचे आभार मानू लागले.

हीच हकिकत अलाथॉर्नने पुढे इंग्लंडमध्ये संसदेच्या समितीपुढे सांगितली. फासापेक्षा वाईट असं काही सरकारी खर्चाने उभं करता येतं, याचा याहून नेमका पुरावा कुठल्या दप्तरात सापडायचा नाही.

नॉरफोक हे प्रशांत महासागरातलं जेमतेम पस्तीस चौरस किलोमीटरचं बेट, ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यापासून चौदाशे किलोमीटरवर. उंच पाइनची झाडं, सुपीक माती, बारमाही हिरवळ. ब्रिटनने १७८८ पासून आपले गुन्हेगार ऑस्ट्रेलियात धाडायला सुरुवात केली. ऐंशी वर्षांत एक लाख साठ हजारांहून जास्त माणसं अशी समुद्रापार गेली. तिथे जाऊनही ज्यांनी पुन्हा गुन्हा केला, त्यांच्यासाठी १८२५ पासून हे बेट राखून ठेवलं होतं. सुधारणा वगैरे हेतूच नव्हता. सिडनीतल्या आणि लंडनमधल्या माणसाला नुसत्या नावाने कापरं भरावं, एवढंच बेटाचं काम. त्यासाठी बेड्या, चाबूक, दगडाच्या खाणी आणि मक्याची भाकरी. एकमेकांचा खून करून फाशी पदरात पाडून घेणारे कैदी तिथे होते, असं त्या काळचे लोक लिहून गेले आहेत.

या बेटाचा अधिकारी म्हणून ६ मार्च १८४० रोजी जो माणूस बायको आणि सहा मुलांसह बोटीतून उतरला, तो तुरुंगखात्यातला नव्हता. कॅप्टन अलेक्झांडर मॅकोनॉकी. एडिनबरोचा, १७८७ चा जन्म, कोवळ्या वयात आरमारात दाखल. १८११ च्या नाताळच्या सुमारास त्याचं जहाज हॉलंडच्या किनाऱ्याला लागलं आणि तो नेपोलियनच्या फौजेच्या हाती सापडला. भर हिवाळ्यात त्याला पायी फ्रान्समधल्या व्हर्दांपर्यंत नेण्यात आलं. पुढची दोनेक वर्षं, नेपोलियन पडेपर्यंत, तो युद्धकैदी होता. तुरुंग चालवणाऱ्या माणसाने आधी स्वतः तुरुंग भोगलेला असणं ही त्या काळी अपूर्वाईच होती. आजही आहे.

युद्ध संपल्यावर तो भूगोलाकडे वळला. १८३० मध्ये लंडनच्या भूगोल संस्थेचा पहिला सचिव झाला, १८३३ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात भूगोलाचा पहिला प्राध्यापक. मग सर जॉन फ्रँकलिन टास्मानियाचा गव्हर्नर म्हणून निघाला, त्याचा खाजगी चिटणीस म्हणून हाही निघाला. हा तोच फ्रँकलिन, जो पुढे उत्तर ध्रुवाच्या बर्फात जहाजांसकट नाहीसा झाला. निघताना तुरुंगसुधारणेसाठी झटणाऱ्या लंडनच्या एका मंडळाने मॅकोनॉकीच्या हाती एक प्रश्नावली दिली. वसाहतीतल्या कैद्यांविषयी ६७ प्रश्न, सवडीने उत्तरं पाठवा.

उत्तरं त्याने मनापासून लिहिली, आणि तीच त्याला भोवली. कैद्यांना खाजगी मालकांकडे फुकट राबायला देण्याची तिथली पद्धत म्हणजे गुलामगिरीच आहे, ती कैद्याला नासवते आणि मालकालाही नासवते, असं त्याने स्पष्ट लिहिलं. कागद लंडनला पोचले, १८३८ मध्ये संसदेसाठी छापले गेले आणि वर्तमानपत्रांतून बोटीने परत टास्मानियातल्या होबार्टला आले. तिथल्या जमीनदारांचा सगळा संसार या फुकट्या मजुरांवर उभा. ते खवळले, आणि फ्रँकलिनने आपल्या चिटणिसाला कामावरून काढून टाकलं. पण हेच लेखन संसदेच्या समितीच्या कामी आलं आणि १८४० मध्ये न्यू साउथ वेल्सला कैदी पाठवणं बंद झालं. तेव्हा लंडनला वाटलं, एवढं बोलतो आहे तर करूनही दाखवू दे. नॉरफोक बेट असं त्याच्या पदरात पडलं.

त्याची योजना सांगायला सोपी आहे. न्यायाधीश माणसाला सात वर्षं देतो. कैदी ती सात वर्षं कशीही घालवो, भिंतीकडे बघत बसो की काम चुकवत, कॅलेंडर आपोआप पुढे सरकतं. म्हणजे शिक्षा त्याला काय शिकवते, तर वेळ मारून न्यायला. मॅकोनॉकीचं म्हणणं, वर्षं देऊ नका, काम द्या. सात वर्षांच्या शिक्षेऐवजी सहा हजार गुण, दहा वर्षांऐवजी सात हजार, जन्मठेपेऐवजी आठ हजार. कैद्याने दिवसाच्या कामाने आणि वागणुकीने गुण मिळवायचे, खात्यावर साठवायचे आणि भरणा पूर्ण झाला की सुटायचं. साधं जेवण आणि कपडा यांची किंमतही याच गुणांतून वळती व्हायची; चैनीचं काही हवं असेल तर आणखी गुण मोजायचे. चाबूक नाही. चूक झाली तर गुण कापले जाणार, म्हणजे सुटका लांबणार. पुढच्या टप्प्यात सहा-सहा जणांची टोळी करायची आणि खातं सामाईक ठेवायचं. एकाने आळस केला की सहाही जणांचं नुकसान. पहारेकऱ्यापेक्षा शेजारच्या माणसाचा डोळा जास्त जागता असतो, हे त्याने जहाजावर पाहिलेलं असणार.

सिडनीच्या गव्हर्नरने, सर जॉर्ज गिप्सने, परवानगी दिली ती अटीवर. इंग्लंडहून थेट नव्याने येणाऱ्या सुमारे तीनशे कैद्यांवर हा प्रयोग करावा. आधीचे बाराशे मुरलेले कैदी जुन्याच पद्धतीखाली राहतील, आणि दोन्हींची गाठ पडता कामा नये. पस्तीस चौरस किलोमीटरच्या बेटावर हे जमायचं कसं, हे गिप्सने सांगितलं नाही. मॅकोनॉकीने थोडे दिवस पाहिलं आणि सरळ सगळ्यांनाच गुणांच्या योजनेत घेतलं. वरिष्ठाचा हुकूम मोडायला त्याला फार वेळ लागत नसे. हा त्याचा गुणही आणि खोडही.

मग आला राणीचा वाढदिवस. व्हिक्टोरिया गादीवर येऊन तीन वर्षं होत आली होती. २५ मे १८४० च्या सकाळी बेटावरच्या तुरुंगाचे दरवाजे उघडले गेले आणि ते दिवसभर उघडेच राहिले. एकवीस तोफांची सलामी झाली. कैदी टेकड्यांवर हिंडले, समुद्रात पोहले. दुपारी ताज्या डुकराच्या मांसाचं जेवण झालं, आणि मॅकोनॉकीने आपल्या पदरची रम लिंबूपाण्यात मिसळून प्रत्येकाला थोडी थोडी वाटली. राणीच्या नावाने पेला उंचावताना तो स्वतः कैद्यांमध्ये उभा होता. कालपर्यंत ज्यांच्या पाठी सोलल्या जात होत्या त्यांनी संध्याकाळी ‘द कॅसल ऑफ अँडलूसिया’ नावाचं एक संगीत प्रहसन रंगमंचावर करून दाखवलं, आणि वर शोभेची दारूही उडाली. रात्री बिगूल वाजला. सगळे आपापल्या बराकीत परतले. पळापळ, मारामारी, चोरी, काही घडलं नाही.

बातमी सिडनीला पोचायचा अवकाश, थट्टेला ऊत आला. साम्राज्यातल्या सगळ्यात भयंकर माणसांना सरकार दारू पाजतं आणि नाटक दाखवतं! गिप्स हादरला, त्याने मॅकोनॉकीला खडसावलं आणि लंडनलाही कळवलं. या एका दिवसाने मॅकोनॉकीची जितकी बदनामी केली तितकी त्याच्या कुठल्याही खऱ्या चुकीने केली नाही. माझ्या मते तो दिवस राजकीयदृष्ट्या शुद्ध गाढवपणा होता, आणि तरीही तो टाळला असता तर ही योजना कागदावरचा हिशेबच राहिली असती. आपल्यावर कुणी भरवसा टाकला आहे हे माणसाला अनुभवावं लागतं. परिपत्रक काढून ते सांगता येत नाही.

बाकीचे बदल एवढे झगमगीत नव्हते. तुरुंगासमोर कायम उभा असलेला फास काढून टाकला गेला. दोन चर्चं बांधली गेली, एक प्रोटेस्टंटांचं, एक कॅथलिकांचं. ग्रंथालय आलं, वाद्यं आली. कैद्यांना भाजीपाल्यासाठी जमिनीचे तुकडे मिळाले, तिथे पिकलेलं ते विकू शकत. मेलेल्या कैद्याच्या थडग्यावर नावाचा दगड बसवायची मुभा मिळाली. या शेवटच्या गोष्टीला पैसे जवळपास काहीच लागत नव्हते, आणि तरी आधी कुणाला ती सुचली नव्हती.

चार्ल्स अँडरसनची गोष्ट याच काळातली. आरमारात नोकरी, नावारीनोच्या लढाईत डोक्याला जखम, त्यानंतर संताप आवरेना, घरफोडीत शिक्षा आणि सिडनी. तिथल्या बंदरातल्या गोट बेटावर त्याला खडकाला साखळदंडाने जखडून ठेवलं होतं. रात्री खडकातल्या खोबणीत झोपायचं, अन्न लांब काठीने सरकवलेलं, आणि सिडनीकर होड्यांतून येऊन तमाशा बघत. पाठीवर शेकडो फटक्यांचे व्रण. मॅकोनॉकीने त्याला माणसांपासून दूर, कुणाला न जुमानणाऱ्या बैलांची राखण दिली आणि कुणी त्याची छेड काढू नये अशी ताकीद दिली. बैल वठणीवर आले, अँडरसनही निवळला. पुढे त्याला टेकडीवरच्या निशाण-ठाण्यावर नेमलं. १८४३ मध्ये खुद्द गव्हर्नर बेटावर आला तेव्हा खलाशाच्या गणवेशातला हा चटपटीत गडी कोण, अशी त्याने चौकशी केली. अँडरसन पूर्ण बरा झाला नाही. त्याचे शेवटचे दिवस वेड्यांच्या इस्पितळात गेले. मॅकोनॉकीच्या भक्तांना हा भाग गाळायला आवडतो.

प्रयोगाचा खरा घात आणखी निराळ्या जागी झाला. कैद्याने सहा हजार गुण भरले. पुढे काय? सुटकेचा कागद द्यायचा अधिकार मॅकोनॉकीला नव्हता, तो सिडनीचा आणि लंडनचा. जुन्या कैद्यांच्या बाबतीत गिप्स तो द्यायला तयार नव्हता. म्हणजे पेढीने हुंड्या लिहून द्यायच्या आणि दर्शनी त्या वटायच्याच नाहीत, असा प्रकार. पहिल्या वर्षी जी माणसं झपाटल्यासारखी राबली, ती पुढे थंडावली. मॅकोनॉकीने बेटापुरते सुटकेचे परवाने काढले, जमीन कसायला दिली. पण बेटाबाहेर पाऊल टाकता येत नसेल तर सुटका कसली? तो लंडनला पत्रावर पत्र लिहीत राहिला, लांबलचक, एकसुरी, स्वतःच्या बरोबर असण्याबद्दल तिळमात्र शंका नसलेली. वाचणाऱ्या कारकुनांचा जीव मेटाकुटीला येत असणार.

मार्च १८४३ मध्ये गिप्स आगाऊ वर्दी न देता बेटावर आला आणि सहा दिवस राहिला. एकेक कोपरा पाहिला, कैद्यांशी बोलला. जे दिसलं ते त्याच्या अपेक्षेपेक्षा फारच चांगलं होतं. सुव्यवस्था होती, माणसं शांत होती, जुने कैदीही माणसासारखे वागत होते. काही गोष्टींना त्याने नाकं मुरडली, पण एकंदरीत अनुकूल असा अहवाल लिहून एप्रिलच्या सुरुवातीला तो लंडनला रवाना केला. सिडनी ते लंडन टपाल म्हणजे चार महिने. अहवाल समुद्रावर असतानाच, त्याच एप्रिलच्या अखेरीस, वसाहतमंत्री लॉर्ड स्टॅन्लीने मॅकोनॉकीला परत बोलावल्याच्या पत्रावर सही केली. आधीच्या तक्रारी, धाक उरला नाही ही ओरड आणि वाढता खर्च, एवढ्यावर लंडनने निकाल लावून टाकला होता. दोन लखोटे भर समुद्रात एकमेकांना ओलांडून गेले. फेब्रुवारी १८४४ मध्ये मॅकोनॉकीने बेट सोडलं.

खरा हिशेब आला तो त्यानंतर. मॅकोनॉकीच्या कारकिर्दीत बेटावरून सिडनीला सोडलेल्या जुन्या, दोनदा शिक्षा झालेल्या कैद्यांची संख्या ९२०. १८४५ पर्यंत त्यांच्यातले पुन्हा शिक्षेला पात्र ठरले फक्त २०, म्हणजे शंभरात दोन. आकडा जसाच्या तसा गिळायचं कारण नाही. तेव्हाची पोलीस दप्तरं कच्ची होती, माणूस नाव बदलून आतल्या मुलखात निघून गेला तर त्याला शोधणार कोण? पण निम्मी सूट दिली, दहापट चूक धरली, तरी ज्यांना ‘कधीही न सुधारणारे’ म्हणून त्या खडकावर फेकलं होतं त्यांच्याबद्दलचा हा आकडा आहे. खजिन्याच्या वहीत मात्र याला जागाच नव्हती. वहीत रम, वाद्यं, पुस्तकं यांचे रकाने असतात. न झालेल्या चोरीचा, न भरलेल्या खटल्याचा रकाना कुठल्याच वहीत नसतो, तेव्हाही नव्हता.

नव्या अधिकाऱ्याने, मेजर जोसेफ चाइल्ड्सने, जुनी घडी परत बसवली. चाबूक आला, बागा गेल्या. ३० जून १८४६ च्या रात्री हुकूम निघाला, कैद्यांची स्वयंपाकाची पत्र्याची भांडी जप्त करा. आपला शिधा आपल्या हाताने शिजवून खाणं एवढंच त्यांच्यापाशी उरलं होतं. १ जुलैच्या सकाळी कैदी कोठारावर चालून गेले, भांडी परत घेतली आणि हातात येईल त्याने पहारेकऱ्यांवर तुटून पडले. चार जण मेले. सैन्य आलं, खटल्यासाठी होबार्टहून न्यायाधीश आला, आणि १३ ऑक्टोबरला बारा जणांना फाशी झाली. फास पुन्हा उभारावा लागला होता. चाइल्ड्सच्या जागी आलेला जॉन प्राइस त्याहून क्रूर निघाला. १८५७ मध्ये मेलबर्नजवळ कैद्यांच्याच जमावाने त्याला ठार केलं. बेटाचा हा उद्योग १८५५-५६ मध्ये गुंडाळला गेला. त्यातल्या शेवटच्या दहा वर्षांचा खर्च जास्त की मॅकोनॉकीच्या चार वर्षांचा, असा प्रश्न लंडनमध्ये कुणी विचारल्याचं मी वाचलेलं नाही.

इंग्लंडला परतल्यावर मॅकोनॉकीने १८४६ मध्ये आपल्या पद्धतीवर पुस्तक काढलं, नाव ‘क्राइम अँड पनिशमेंट’. दोस्तोयेव्हस्कीच्या वीस वर्षं आधी! १८४९ मध्ये बर्मिंगहॅमच्या नव्या तुरुंगाचा तो प्रमुख झाला आणि दोनच वर्षांत तिथूनही गेला. त्याच्या हाताखालचा लेफ्टनंट ऑस्टिन प्रमुख झाला. १८५३ मध्ये त्या तुरुंगात एडवर्ड अँड्र्यूज नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलाने गळफास घेतला, तेव्हा चौकशी आयोग बसला. आयोगाने ऑस्टिनचे अत्याचार उघडे पाडले, पण मॅकोनॉकीलाही पूर्ण सोडलं नाही. कायद्यात न बसणाऱ्या शिक्षा त्याच्याही काळात झाल्या होत्या. १८६० मध्ये तो वारला.

त्याची कल्पना मात्र रुजली. आयर्लंडमध्ये सर वॉल्टर क्रॉफ्टनने १८५४ पासून तिला टप्प्याटप्प्यांची रीतसर पद्धत बनवलं. १८७० च्या सिनसिनाटी परिषदेत अमेरिकन तुरुंगाधिकाऱ्यांनी ती उचलली आणि १८७६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायराला तिच्यावर सुधारगृह उभं राहिलं. तिथेही दोन दशकं उलटायच्या आत मारहाणीची चौकशी लागली, ही गंमत सोडायला नको. चांगल्या वागणुकीवर शिक्षेचे दिवस कमी करून घेणं, ज्याला आपल्या तुरुंगांत कैदी आणि शिपाई दोघंही ‘माफी’ म्हणतात, ते याच वंशातलं.

आपल्या महाराष्ट्रात भिंतीच काढून पाहिल्या त्या औंध संस्थानाने. १९३९ मध्ये राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या आश्रयाने मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. कैद्यांनी बायकापोरांसह राहायचं आणि शेती करायची. तिथूनच स्फुरलेली, शेजारच्या शेटफळ्याच्या ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेली कथा १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’मध्ये शांतारामबापूंनी जगभर नेली. वसाहत अजून चालू आहे, जागा मात्र अवघी अठ्ठावीस कैद्यांची. राजस्थानातल्या सांगानेरच्या खुल्या तुरुंगाचा हिशेब २०१७ च्या एका अहवालात आला आहे. जयपूरच्या मध्यवर्ती तुरुंगात एका कैद्यामागे महिन्याला सात हजारांवर खर्च, सांगानेरला पाचशेच्या आसपास, कारण तिथला कैदी बाहेर जाऊन कमावतो आणि आपलं कुटुंब पोसतो.

असे खुले तुरुंग २०२२ च्या सरकारी आकडेवारीत देशभरात ९१ होते. त्याच वर्षाअखेर भारतातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, जागा होती ४,३६,२६६ जणांना. त्या माणसांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे शंभरात पंचाहत्तरांहून जास्त. खुला तुरुंग आणि माफी या दोन्ही सोयी शिक्षा झालेल्यांसाठी आहेत. या सव्वाचार लाखांवर माणसांना शिक्षा झालेलीच नसल्याने, ती कमी करून घेण्याचं खातंही त्यांच्या नावावर उघडत नाही.